अस्वलपेटीत मेतकूट

रत्नागिरी जिल्ह्यापेक्षा थोडं मोठं रान. त्यात शेत नाही, कारखाना नाही. मधोमध इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवलेला २२८ किलोमीटरचा डांबरी रस्ता, ताशी ७२ किलोमीटरची वेगमर्यादा, आणि त्या रस्त्यावर दर उन्हाळ्यात उतरणारी लाखो माणसं. रानात ग्रिझली अस्वलं आहेत, लांडगे आहेत, एक टन वजनाचे बायसन आहेत, आणि पायाखाली उकळतं पाणी. माणूस आणि यातल्या कशाच्याही मध्ये कुंपण नाही.

अमेरिकेतलं यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान हे असं आहे. १ मार्च १८७२ रोजी राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांनी कायद्यावर सही केली आणि जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान अस्तित्वात आलं. आपला वन्यजीव संरक्षण कायदा त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९७२ साली झाला. यलोस्टोनचा बहुतेक भाग वायोमिंग राज्यात, थोडा माँटानात, अगदी चिमूटभर आयडाहोत. माझा धाकटा भाऊ सॉल्ट लेक सिटीला राहतो. तिथून उद्यानाचं पश्चिमेचं दार पाच तासांवर. जुलै २०२४ मध्ये आम्ही निघालो: भाऊ, भावजय, त्यांची दोन मुलं, आई आणि मी. गाडीच्या टपावर तंबू, मागे शेगडी, कुकर, झोपायच्या पिशव्या, आणि आईनं 'असू दे' म्हणून भरलेली एक वेगळी पिशवी.

अमेरिकेतल्या मराठी घरांत उद्यानं 'करायची' एक पद्धत रूढ आहे. आई-वडील सहा महिन्यांच्या व्हिसावर आले की त्यांना गाडीत बसवायचं, हॉटेलं आधी ठरवायची, आणि एका सुट्टीत तीन-चार उद्यानं उरकायची. त्यामुळे यलोस्टोनच्या लाकडी पायवाटांवर पातळावर स्पोर्ट शूज आणि डोक्याला कानटोपी बांधलेल्या आज्या बऱ्याच भेटतात, आणि 'तुम्ही कुठले?' या प्रश्नाला 'सांगलीचे' असं उत्तरही मिळतं. तंबूत राहणारी मराठी आजी मात्र आम्हाला आमच्याशिवाय दिसली नाही. आईचा आक्षेप सरळ होता. "अस्वलं आहेत म्हणता आणि कापडाच्या घरात झोपायचं म्हणता. यातलं एक काहीतरी खोटं असणार."

दोन्ही खरं होतं. ते कसं जमवतात, हे मॅडिसनच्या तळावर पोचल्या पोचल्या कळलं.

मॅडिसनला तंबूंसाठी आणि फिरत्या घरांसाठी मिळून पावणेतीनशेच्या आसपास जागा आहेत. प्रत्येक जागेला क्रमांक, एक लाकडी मेज-बाक, शेकोटीसाठी लोखंडी कडं. नळ आणि संडास जवळच. खिडकीतल्या बाईंनी पावती देण्याआधी नियम वाचून दाखवले, आणि आम्ही माना डोलावतो आहोत की ऐकतो आहोत, हे तपासायला मध्येच उलटे प्रश्न विचारले. शिजवून झालं की अन्न बाहेर ठेवायचं नाही. रिकामी भांडी, शेगडी, पाण्याचा कॅन, कचऱ्याची पिशवी, टूथपेस्ट, साबण, ज्याला ज्याला वास आहे ते सगळं बंद गाडीत किंवा लोखंडी पेटीत. तंबूत चॉकलेटचा कागदसुद्धा नको. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता.

ही पेटी म्हणजे जाड पत्र्याचं, जमिनीला पक्कं केलेलं कपाट. कडी बाहेरून दिसत नाही. वरून पत्र्याची टोपी असलेल्या अरुंद फटीत बोटं घालायची, आत चाचपून खटका वर दाबायचा, तेव्हा दार सुटतं. माणसाची बोटं आत जातात, अस्वलाचा पंजा जात नाही. सगळी कारागिरी तेवढ्यात आहे. भाचीनं आजीची पिशवी रिकामी करायला घेतली. मेतकुटाचा डबा, भाजणी, राजगिऱ्याच्या वड्या, साबुदाणा, दाण्याचं कूट हे पेटीत जाणारच होतं. पण निलगिरीचं तेल, सर्दीचं मलम आणि उदबत्तीचा पुडाही जेव्हा गेला, तेव्हा आईचा संयम सुटला. "अस्वल काय पूजेला बसणार आहे का?" भाचा तेव्हा आठ वर्षांचा. उद्यानात मुलांसाठी 'ज्युनियर रेंजर' म्हणून एक उपक्रम असतो: पुस्तिकेतले प्रश्न सोडवायचे, रेंजरला उत्तरं दाखवायची, हात वर करून शपथ घ्यायची, मग बिल्ला मिळतो. त्याला तो मिळाला आणि आमच्यावर घरचाच पोलीस बसला. रोज रात्री झोपण्याआधी तो आजीचे खिसे तपासायचा. एकदा त्यात बडीशेप सापडली.

हे पाहिलं की आपल्याकडे लगेच एक वाक्य तयार असतं: 'तिकडचे लोक मुळातच शिस्तीचे.' यलोस्टोनचा इतिहास हे वाक्य टिकू देत नाही.

विसाव्या शतकाचा बराच काळ इथली अस्वलं कचऱ्यावर जगत होती. हॉटेलांचं उष्टं ज्या खड्ड्यांत टाकलं जाई, तिथे संध्याकाळी अस्वलं जमत आणि ती पाहायला माणसं. १९३०च्या दशकात तर कॅनियन भागात लोकांना बसून हा सोहळा पाहता यावा म्हणून उद्यानानंच पायऱ्यापायऱ्यांची बैठक बांधली होती. रस्त्यावर काळी अस्वलं गाड्यांच्या खिडक्यांशी उभी राहून खाऊ मागत आणि लोक हातानं भरवत. परिणाम काय? १९३१ ते १९६९ या काळात अस्वलांनी माणसांना जखमी केल्याच्या घटना वर्षाला सरासरी ४८. मग १९७०च्या सुमारास कचऱ्याचे खड्डे बंद झाले, खायला घालण्यावर कडक बंदी आली, पेट्या आल्या. त्या बदलाचा पहिला घाव अस्वलांवरच पडला. उष्ट्याची सवय लागलेली कितीतरी ग्रिझली त्या काही वर्षांत माणसांच्या वस्तीत घुसली आणि मारली गेली. १९७५ मध्ये ग्रिझलीला धोक्यातली प्रजाती म्हणून कायद्याचं संरक्षण द्यावं लागलं. आता जखमी होण्याची घटना वर्षाकाठी एखादी. शिस्त या लोकांच्या रक्तात नव्हती. चार दशकं ओरबाडून घेतल्यावर ती नियमात आली, आणि मोडली तर भरभक्कम दंड बसतो म्हणून टिकली.

मॅडिसनच्या तळाला स्वतःची एक दंतकथाही आहे. फायरहोल आणि गिबन या नद्या इथे मिळतात आणि पुढे मॅडिसन नदी म्हणून वाहतात. सप्टेंबर १८७० मध्ये या संगमावर वॉशबर्न मोहिमेच्या मंडळींनी मुक्काम केला, शेकोटीभोवती बसून 'ही जागा कोणा एकाच्या मालकीची होता कामा नये, सगळ्या देशाची असावी' असं ठरवलं, आणि त्यातून राष्ट्रीय उद्यान जन्मलं, अशी कथा कित्येक पिढ्या सांगितली गेली. १९५०-६०च्या दशकांत संगमावर तिचे नाट्यप्रयोगही होत. ही कथा आली नॅथॅनियल लँगफर्ड यांच्या रोजनिशीतून, आणि ती रोजनिशी छापली गेली १९०५ साली, पस्तीस वर्षांनी. हे लँगफर्ड नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेच्या पैशावर व्याख्यानं देत फिरले होते आणि उद्यानाचे पहिले अधीक्षकही झाले. रेल्वेला प्रवासी हवे होते. उद्यानाचेच इतिहासकार ऑब्री हेन्स यांनी पुढे या शेकोटीबद्दल जाहीर शंका घेतली आणि ती काही सगळ्यांना रुचली नाही. आपल्याकडच्या कुठल्याही देवस्थानाचं स्थळमाहात्म्य तपासायला बसलेल्या संशोधकाला हेन्स यांच्याबद्दल आपुलकी वाटेल.

त्याच मोहिमेतला एक गृहस्थ, ट्रुमन एव्हर्ट्स, मंडळींपासून चुकला आणि ३७ दिवस एकटा या रानात भटकत राहिला. घोडा पळाला, चष्मा हरवला. काटेरी झुडपाची मुळं खाऊन, गरम झऱ्यांच्या उबेला झोपून तो जगला आणि झोपेत जमिनीचा पापुद्रा फुटून भाजलाही. शेकोटीच्या कथेपेक्षा मला ही जास्त पटते, कारण इथली रात्र खरंच तशी आहे. जुलै असूनही पहाटे चार-पाच अंशांपर्यंत पारा उतरतो. आईनं दोन स्वेटर, शाल आणि झोपायची पिशवी असं सगळं अंगावर घेऊन 'पुण्यात पंख्याखाली असते आत्ता' एवढंच म्हटलं.

दिवसा मात्र ऊन आणि वाफ. यलोस्टोनमध्ये दहा हजारांहून जास्त गरम झरे, चिखलकुंडं, वाफेची छिद्रं आणि गायझर, म्हणजे उसळणारी गरम कारंजी, आहेत. जगातले निम्म्याहून अधिक गायझर या एका रानात. त्याचं कारण म्हणजे हे सगळं एका ज्वालामुखीच्या माथ्यावर वसलेलं आहे. त्याचा शेवटचा महास्फोट ६,४०,००० वर्षांपूर्वीचा. सह्याद्रीच्या माणसाला ज्वालामुखीचं अप्रूप नको खरं तर; आपण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यावर घरं बांधून राहतो. पण आपला लाव्हा भेगांतून पसरत गेला आणि केव्हाच थंड झाला. वज्रेश्वरी, उन्हवरे किंवा राजापूरचं ऊन पाणी हे खोल भेगांत मुरून तापून वर आलेलं पाणी आहे, खाली कुठे तप्त शिलारस नाही. इथे तो आहे.

ओल्ड फेथफुल या गायझरचा उद्रेक साधारण दीड तासानं होतो. फळ्यावर पुढची वेळ लिहिलेली असते, दहा मिनिटं मागेपुढे धरून. अंदाज बांधायची रीत साधी आहे: आधीचा उद्रेक अडीच मिनिटांपेक्षा कमी चालला तर पुढचा तासाभरानं, जास्त चालला तर दीड तासाला. जमिनीखालची टाकी किती रिकामी झाली, त्यावर ती भरायला किती वेळ लागेल ते ठरतं. १८८२ साली जनरल शेरिडनच्या शिपायांनी याच कारंज्यात कपडे धुतले होते. आज पायवाटेवरून एक पाऊल खाली टाकलं तरी लांबून कोणीतरी ओरडतं. आरडाओरड योग्य आहे. २०१६ मध्ये नॉरिस भागात अंघोळीसाठी पाणी शोधत पायवाट सोडून गेलेला एक तरुण उकळत्या आम्लधर्मी कुंडात पडला आणि त्याचा देहही हाती लागला नाही.

मॉर्निंग ग्लोरी नावाचं कुंड पाहायला गायझरांच्या खोऱ्यातून दोन किलोमीटरहून जास्त चालावं लागतं. एके काळी ते निळंशार होतं. लोकांनी त्यात नाणी टाकली, बाटल्या टाकल्या, दगड टाकले. तळाचं तोंड बुजत गेलं, पाणी थोडं निवलं, आणि जिथे आधी उष्णतेमुळे काही जगत नव्हतं तिथे पिवळे-केशरी सूक्ष्मजीव काठाकाठानं आत सरकले. आता मध्ये हिरवा-निळा डोळा उरला आहे. आई बराच वेळ पाहत होती. पुलावरून गाडी गेली की नदीत नाणं टाकणाऱ्या पिढीची ती. "किती टाकली असतील?" तिनं विचारलं. उद्यानानं एकदा कुंडातलं पाणी उसळवून हजारो नाणी बाहेर काढली होती, हे तिथल्या रेंजरकडून कळल्यावर तिनं आपली पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली.

हेच सूक्ष्मजीव ग्रँड प्रिझमॅटिक या शंभर मीटरहून रुंद कुंडाला केशरी किनार देतात. १९६६ मध्ये थॉमस ब्रॉक हे शास्त्रज्ञ आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांनी इथल्याच एका झऱ्यातून थर्मस अ‍ॅक्वाटिकस नावाचा जिवाणू मिळवला. उकळीच्या जवळ जाणाऱ्या उष्णतेतही त्याचं विकर शाबूत राहतं. त्या विकरावर पुढे पीसीआर तंत्र उभं राहिलं; ते शोधणाऱ्या कॅरी म्युलिस यांना १९९३ चं नोबेल मिळालं. २०२० नंतर नाकात काडी घालून आपण सगळ्यांनी जी आरटीपीसीआर करून घेतली, तिचं एक मूळ या पाण्यात आहे. उद्यानाला त्यातून एक पैसाही मिळाला नाही.

बिस्किट बेसिन हा छोटा भाग आम्ही घाईत पाहिला. फळ्यांची वाट, काळपट निळं ब्लॅक डायमंड कुंड, मुलांना भूक लागलेली. आम्ही घरी परतलो आणि २३ जुलैच्या सकाळी दहाच्या सुमारास त्या कुंडाजवळ जमीन फुटली. खालचा मार्ग बुजून दाबाखाली राहिलेल्या पाण्याची क्षणात वाफ झाली, दगड-चिखल कित्येक मजले उंच उडाला आणि लाकडी वाटेचे तुकडे झाले. माणसं पळताना दिसतात तो व्हिडिओ जगभर फिरला. कोणालाही इजा झाली नाही, हे नशीब. तो भाग त्यानंतर बंद करण्यात आला. आईला व्हिडिओ दाखवला तेव्हा ती म्हणाली, "अस्वलापेक्षा हे वाईट. अस्वलाला निदान पेटी आहे."

दुसरा मुक्काम कॅनियनला, सुमारे ७,९०० फुटांवर. महाबळेश्वरच्या पावणेदोन पटीच्या घरात. इथली नदीची घळ पिवळ्या दगडाची आहे आणि तिच्या तोंडाशी ९४ मीटरचा लोअर फॉल्स कोसळतो. १८७१ च्या हेडन मोहिमेबरोबर आलेले चित्रकार थॉमस मोरान आणि छायाचित्रकार विल्यम हेन्री जॅक्सन यांनी टिपलेली दृश्यं वॉशिंग्टनला पोचली, आणि न पाहिलेल्या जागेसाठी खासदारांनी मत दिलं. धबधबा चित्रांत दिसतो तसाच आहे. त्याच्यावर आणखी लिहिण्यात अर्थ नाही.

आषाढी एकादशी तिथे आली. साबुदाणा रात्री भिजवून पेटीत ठेवलेला, त्यामुळे खिचडी झाली. पण वरीचे तांदूळ काही केल्या मऊ होईनात. या उंचीवर पाणी ९२ अंशांना उकळतं. बुडबुडे दिसतात, पण त्यात शिजवायची धमक नसते. दुसऱ्या दिवशी द्वादशीच्या वरण-भातासाठी कुकर काढला. पहिली शिट्टी झाली आणि शेजारच्या तीन तंबूंतून डोकी बाहेर आली. एक म्हातारे गृहस्थ हातात अस्वलासाठीच्या मिरचीच्या फवाऱ्याचा डबा घेऊनच आले. भावजयीनं कुकर समजावून सांगितला. ते शेवटच्या शिट्टीपर्यंत थांबले, वरण-भात-मेतकूट जेवले आणि आपल्याकडच्या भाजक्या मक्याची दोन कणसं ठेवून गेले.

लमार खोऱ्यात पोचायला सकाळी लवकर निघालो, आणि वाटेत बायसननी रस्ता अडवला. दाजीपूरचा गवा पाहिलेल्यांनाही हे जनावर विचित्र वाटेल: पुढचा भाग प्रचंड, मागचा लहान, डोकं जमिनीकडे. जुलैच्या मध्यापासून त्यांचा माजाचा हंगाम. नर धुळीत लोळतात, घशातून खोल गुरगुरतात, आणि त्या गुरगुरण्यानं बंद गाडीची काच थरथरते. नियम सांगतो: बायसन आणि एल्कपासून २३ मीटर, अस्वल-लांडग्यापासून ९१ मीटर. बायसन माणसाच्या तिप्पट वेगानं पळतो, तरी दर उन्हाळ्यात फोन समोर धरून कोणीतरी जवळ जातोच आणि शिंगावर जातो.

१९०२ च्या आसपास इथे जेमतेम दोन डझन बायसन उरले होते. शिकाऱ्यांना आवरायला १८८६ पासून लष्कर ठेवावं लागलं होतं. आज त्यांची संख्या काही हजारांत आहे. लांडग्यांचं उलट. ते उद्यानाच्या लोकांनीच मारून संपवले, १९२६ पर्यंत. मग १९९५-९६ मध्ये कॅनडातून ३१ लांडगे आणून सोडले. आता पहाटे लमारच्या टेकाडांवर मोठ्या दुर्बिणी लावून बसलेली माणसं दिसतात, वर्षानुवर्षं येणारी. त्या जुलैत मात्र सगळ्यांचं बोलणं एका पांढऱ्या वासराबद्दल. ४ जूनला लमारमध्ये पांढरं बायसन वासरू जन्मल्याचं लोकांनी पाहिलं. लाकोटा या मूलनिवासी लोकांना ते पवित्र. २६ जूनला वेस्ट यलोस्टोनजवळ सोहळा होऊन त्याचं नाव 'वाकान ग्ली' ठेवण्यात आलं. तोवर ते कळपात दिसेनासं झालं होतं. त्यानंतर ते कोणाला दिसलं नाही.

या सोहळ्यासाठी लाकोटा मंडळींना उद्यानाच्या दारापर्यंत यावं लागतं, ही गोष्ट आमच्या भाचीला खटकली. तिला शाळेत थोडं शिकवलं होतं. २७ जमाती आज या भूमीशी नातं सांगतात. मेंढ्यांची शिकार करणारे तुकुदिका शोशोनी वर्षभर इथेच राहत. त्यांना बाहेर काढून राखीव भूमीत नेलं, आणि 'आदिवासी गायझरांना घाबरतात, ते इथे राहत नव्हते' असं उद्यानाच्या अधीक्षकांनीच पसरवलं. १८७७ मध्ये लष्कर मागे लागलेले नेझ पर्स लोक आपल्या बायकापोरांसह याच रानातून निसटत होते, आणि वाटेत त्यांची गाठ तंबू ठोकून सहलीला आलेल्या गोऱ्या कुटुंबाशी पडली. उद्यानाला तेव्हा पाच वर्षं झाली होती. मोकळं रान जन्मतः मोकळं नव्हतं. ताडोबातून हलवलेल्या गावांची आठवण मराठी वाचकाला करून द्यायला नको.

मग काय घ्यावं यलोस्टोनकडून? गर्दी तर नकोच. २०२१ मध्ये ४८ लाखांहून जास्त माणसं आली, आणि बहुतेकांचं उद्यान म्हणजे गाडीची काच आणि पार्किंगची जागा. १९१५ मध्ये मोटारींना आत सोडलं तेव्हाच ते ठरलं. आपल्या व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यात स्वतःच्या गाडीनं फिरायला आणि मुक्कामाला बहुतेक ठिकाणी बंदी आहे, ती तशीच राहावी. पण सरकारनं चालवलेला, पांघरूण आणि कुकर घेऊन आलेल्या साध्या कुटुंबाला परवडणारा, नळ-संडास-पेटी-पहारेकरी असलेला तळ, ही गोष्ट घेण्याजोगी आहे. ताडोबाच्या भोवती राहायचं तर आज रिसॉर्टचे दर विचारावे लागतात. बफर क्षेत्राच्या कडेला, गावाच्या हाती व्यवस्था देऊन, असे तळ महाराष्ट्राच्या वन विभागानं करून पाहावेत. अट एवढीच की पहिल्या दिवसापासून नियम कडक हवेत; माकडांना वेफर्स भरवणाऱ्यांसाठी तर आणखी कडक.

आणि तुम्ही तिकडे जाणार असाल तर: उन्हाळ्यातल्या तळांच्या जागा कित्येक महिने आधी भरतात, म्हणून विमानाच्या तिकिटाआधी तंबूची जागा मिळवा. उद्यानात फोनला बहुतेक ठिकाणी रेंज नाही, नकाशे आधी उतरवून घ्या. २०२६ पासून अमेरिकेचे रहिवासी नसलेल्या सोळा वर्षांवरील प्रत्येकाला यलोस्टोनमध्ये १०० डॉलर जादा भरावे लागतात. भारतातून आलेले आई-वडील यात येतात, त्यामुळे एकापेक्षा जास्त पाहुणे असतील तर रहिवासी नसलेल्यांसाठीचा २५० डॉलरचा वार्षिक पास स्वस्त पडतो का, ते निघण्याआधी तपासून पाहा.